बाळंतिणीसाठी प्रेन्यादिया

४ मे
मुलगी झाली! दोमितिला दमलीये, पण ठीक आहे. पोरीचं नाक माझ्यावर गेलंय — बिचारी.

७ मे
दोमितिलाच्या अंगावर दूधच नाही. नर्स पावडरचा डबा देऊन गेली. पाजलं की पोरगी ओकते. वजन उतरतंय. दोमितिला भिंतीकडे तोंड करून पडून असते. बोलली तर एवढंच — "मी कसली आई?"

सासूबाईंचा एकच घोषा: "प्रेन्यादियाचं कालवण द्या तिला. माझ्या पाचही बाळंतपणांत त्यानेच दूध उतरलं."

ओढ्यात आता कुठले ते मासे? दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ट्राउटची पिल्लं सोडली, त्यांनी सगळे फस्त केले. कुणीतरी! वहीतही खोटं? मीच सोडली. चारशे, चोरून. मोठी झाली की विकायची म्हणून. दोमितिलाला सांगितलं, वरच्या गावातल्यांचं काम असणार.

८ मे
दिवसभर दगड उलटले. एक नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मासे धरत होतात की पाय धूत होतात?"

९ मे
इम्बाबुराचा डोंगर ढगात. धबधब्याच्या वर गेलो. ट्राउटला ते चढणं जमत नाही. प्रेन्यादिया तोंडाने खडकाला चिकटत चिकटत जातो. तिसराच दगड उचलला — सापडला! बोटाएवढा. अंड्यांच्या पुंजक्यावर बसलेला. हात लावला तरी हलेना. तो बाप असतो, आई अंडी घालून निघून जाते. अलगद उचलता आला असता. उचलवेना. दगड होता तसा ठेवला आणि तिथेच बसून रडलो, बावळटासारखा.

रिकामा डबा घेऊन घरी आलो. सासूबाई मका सोलत होत्या, त्यांच्याकडे बघितलंच नाही. दोमितिलाजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं — ट्राउट, खोटं, तो मासा. म्हटलं, आता ही मला घराबाहेर काढणार.

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. म्हणाली, "अरे एलिसेओ, लोक ओढ्यातून मासे काढतात. तू चारशे आत टाकलेस?"

"हो."

"आणि आज आणलेस किती?"

"एकही नाही."

हसायला लागली! पोट धरून, टाके दुखेपर्यंत. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. मग मीही. सासूबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "दोघांनाही वेड लागलंय."

१० मे
पान्हा फुटला! काल हसता हसताच पोलकं भिजलं होतं — तिला वाटलं, घाम. पोरगी पोटभर प्याली. ओकली नाही.