विझली म्हणायचं होतं, दादा

प्रिय दादा,

आज आपली बॅटरीची पेटी चाचणीत पास झाली. मधला सेल आम्ही मुद्दाम तापवून पेटवला. तो जळून कोळसा झाला, पण शेजारचे सगळे धड राहिले. विमानात बसवायच्या बॅटरीकडून तुला एवढंच तर हवं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं. आता बोलायचं म्हणजे लिहायचंच, नाही का?

भिसेगावातून खालापूरला कामावर मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचास. वरून विमान गेलं की म्हणायचास, "त्यातल्या मानसांना म्हाईत पन नाय, आपन त्यांच्यासाठी रोज आग लावतो." मी म्हणायचे, "तू रस्त्याकडं बघ रं."

आईने लहानपणापासून बजावलं होतं, "दिवा इझला म्हनू नये गं, शांत झाला म्हनावं." ते तोंडात पक्कं बसलं.

त्या दिवशी तू टेस्टच्या खोलीच्या दाराशी, मी कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर. "झाली का गं?" तू विचारलंस. ज्वाळा दिसत नव्हती. मी म्हटलं, "शांत झाली रं." मला म्हणायचं होतं, विझली. तू समजलास, निवली. तापमानाचा आकडा मी पाहिलाच नव्हता. एरवी दहादा विचारणारा तू, तेव्हाच का नाही विचारलंस? बहिणीवर एवढा विश्वास ठेवतात का रे?

तू दार उघडलंस आणि आत तापत राहिलेला शेजारचा सेल फुटला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. आता आकडा उतरल्याशिवाय ते दार उघडतच नाही. हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही? मलासुद्धा?

आईला मात्र एवढंच ठाऊक आहे की बॅटरी फुटली. परवा माझ्या डोक्याला तेल लावताना म्हणाली, "तू व्हतीस ना गं शेवटी त्याच्याजवळ, तेवढंच बरं वाटतं बघ." मला रडू आवरेना. तिला वाटलं, तुझी आठवण आली. ती मला थोपटत बसली आणि मी थोपटून घेतलं. लाज वाटते दादा.

वचन देते. उद्या सुट्टी आहे, उद्या आईला सांगेन की दार तू माझ्या शब्दावर उघडलंस. ती मला जे बोलेल ते ऐकून घेईन.

नेमका कुठला शब्द, ते मात्र मरेपर्यंत सांगणार नाही. तो तिने शिकवलेला होता.

तुझी धाकटी,
नंदा