भेटीशिवाय प्रार्थना नाही

७ सप्टेंबर, रविवार

नवे फादर डोक्यावर पडलेत की काय! चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपल्यावर जाहीर केलं — यापुढे माइकवरून आजाऱ्याचं नाव घ्यायचं, तर त्या आठवड्यात कुणीतरी त्याला भेटून आलेलं पाहिजे. भेट नाही, तर नाव नाही. आणि हे सगळं माझ्याकडे बघून! आजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणते मी. मी नाव घ्यायचं, सगळ्यांनी "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं आणि आपापल्या घरी जायचं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

घरी येऊन तणतणले. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, फादर बरोबर बोलतायत. झालं! आता दोघं झाले.

९ सप्टेंबर, मंगळवार

फादरनी आजाऱ्यांची घरं वाटून दिली. माझ्या वाट्याला कोण, तर हेडसर! शाळेचे जुने हेडमास्तर. चर्चमधल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या छड्या खाल्ल्यात. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्यांचं नाव मी सगळ्यांत आधी घेते — पण त्यांचा जिना चढायची कुणाची छाती नाही. माझीही नाही. फादरना म्हटलं, शिवणाची कामं तुंबलीत. म्हणाले, मग उद्या नको, परवा जा. गोड बोलून गळ्यात मारलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

गेले. दार हेडसरांनीच उघडलं. हातात फरशी पुसायचं फडकं, बाह्या वर दुमडलेल्या. धडधाकट! मी नुसती बघतच राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तब्येत कशी आहे.

"दोन वर्षांपूर्वीच बरा झालो," ते म्हणाले. "त्याच रविवारी मिस्सेला आलो. शेवटच्या बाकावर बसलो. तुम्ही माझ्या आजारपणासाठी प्रार्थना केलीत. सगळे 'ऐक' म्हणाले. मीही म्हणालो. एकानंही मागे वळून पाहिलं नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी रडायला लागले. त्यांनी आत जाऊन चहा करून आणला. निघताना म्हटलं, सर, या रविवारी या, मी शेजारी जागा धरून ठेवते. म्हणाले, रविवारी सकाळी मला काम असतं. डोंबलाचं काम! रुसलेत, दुसरं काय. रुसणारच की. पण मीही हट्टाला पेटलेय. त्यांना परत आणल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

माइकवर सांगून टाकलं — हेडसर बरे आहेत. केव्हाचेच बरे आहेत, आपल्यालाच पत्ता नव्हता.

आज दोनच नावं घेतली. पण त्या दोघांना काय दुखतंय, झोप लागते की नाही, मुलगी फोन करते की नाही, सगळं आम्हाला ठाऊक होतं. "ऐक" म्हणताना लोकांचा आवाज निराळाच लागला. नंतर कुणी पळालं नाही घरी. पायऱ्यांवर उभं राहून एकमेकांना पत्ते विचारत होते! शेजारच्या बाकावरच्या बाईंचे यजमान वारलेत हे मला आज कळलं. तिथेच बसून बोललो दोघी. देवा, तुझे उपकार. फादरचेही — पण हे त्यांना सांगायचं नाही, चढून बसतील.

हेडसर आले नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

परत गेले. परत तेच उत्तर, काम असतं. माझ्या चष्म्याची सैल दांडी मात्र घट्ट करून दिली. रागावलेला माणूस असं करतो का? कळत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

जागा धरली. रिकामीच राहिली.

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये पूर्वी ऑर्गन वाजवायच्या त्या मावशी केव्हापासूनच अंथरुणाला खिळल्यात. त्यांचंही नाव मी हेडसरांच्या मागोमाग घ्यायचे. आज मिस्सेत फादरनी कम्युनियनची भाकर देता देताच मला ती घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत हेडसर! पलंगाशी खुर्ची ओढून मावशींना आजचं शुभवर्तमान वाचून दाखवत होते.

मावशी म्हणाल्या, सर दर रविवारी येतात, दोन वर्षं झाली. इथून पुढच्या घरी जातात. बरे होऊन ते मिस्सेला आले होते, त्या दिवशी तू ज्यांची ज्यांची नावं घेतलीस ना, त्या सगळ्यांकडे.

मी उंबरठ्यावरच उभी. हेडसरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"उशीर केलात," म्हणाले. "या, बसा."