केनरिकरावांची लेक

प्रिय आई,

वेल्सहून उत्तर आलं. शेजारची डोरोथी काल दुपारी ते घेऊन आली. पाकीट तिने घरीच फोडलं होतं, तरी पुन्हा नीट बंद करून आणलं होतं, जसं काही तुमच्यासमोर उघडायचंय. दारातच म्हणाली, वसूला, म्हणजे तुम्हाला, हे आधी कळायला हवं होतं.

म्हणून लिहितेय. तुम्हाला कोणीतरी कळवायला हवं, आणि सुधीर कळवणार नाही. त्याला तुम्ही ओळखताच. खरं तर मलाही जमत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला मी एकही पत्र लिहिलं नव्हतं. पुण्याला फोन करायचो तेव्हा आधी तो बोलायचा, मग मी दोन मिनिटं, त्यात जेवणखाण आणि औषधं. पुढे तुम्ही इथेच राहायला आलात, मग पत्राचा प्रश्नच नव्हता.

तुम्ही आलात तेव्हा मामंजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. बॅगेत साड्या चारच होत्या, आणि कुलवृत्तांताचा तो जाडजूड ग्रंथ. विमानतळावर सुधीर तुम्हाला म्हणाला, आई, हे कशाला उचलून आणलंस? तुम्ही म्हणालात, "घरातली सगळी माणसं आणली. एकटी कशाला येऊ?"

पहिला हिवाळा तुम्ही खिडकीत बसून काढलात. मी ऑफिसला, सुधीर ऑफिसला. संध्याकाळी मी आले की घर लख्ख, भांडी घासलेली, पोळ्या झालेल्या. मी म्हणायचे, आई, इतकं करू नका, डिशवॉशर आहे. तुम्ही एकदाच उत्तर दिलंत, "मग मी काय करू ते सांग." अमेरिकेतल्या या श्रूजबरीत बर्फ पडलेला असताना सत्तरीच्या बाईने काय करावं, ते मला आजही माहीत नाही.

ते डोरोथीने सांगितलं. शेजारी राहून ती आमच्याशी तोवर फक्त बर्फ आणि कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलली होती. त्या उन्हाळ्यात ती परसातल्या झुकिनी द्यायला आली आणि डायनिंग टेबलवर उलगडून ठेवलेली आपली वंशावळ तिला दिसली. अर्ध्या तासाने ती परत आली ती वॉलपेपरची गुंडाळी घेऊन. मागच्या कोऱ्या बाजूला तिने तिच्या घराण्याचं झाड काढलं होतं. पेनसिल्व्हेनियात पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करायला आलेल्या खापरपणजोबांपासून मागे मागे जात ती वेल्समध्ये पोचली होती, सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या कोणा ऱ्हीसपर्यंत. तिथे झाड थांबलं होतं. बाजूला वेगळ्या चौकटीत त्याच खोऱ्यातला एक सरदार होता, केनरिक अप मॅडॉग. लहानपणी तिच्या आजीने सांगितलं होतं की आपण त्याच्या वंशातले. ते खरं की आजीची गोष्ट, एवढंच तिला मरायच्या आधी जाणून घ्यायचं होतं. तिचं लग्न झालेलं नाही, भाऊ गेला, त्यालाही मूल नव्हतं. मला तिने सांगितलं होतं की कागद तिच्यापाशी संपतो, म्हणून मुळाकडचं टोक तरी सापडायला हवं.

मी हे तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही चष्मा लावून ते झाड बघितलंत आणि पहिला शेरा काय मारलात? "हे उलटं काढलंय. मूळपुरुष खाली नाही, वर असतो."

मग 'अप' म्हणजे काय ते विचारलंत. अमक्याचा मुलगा, असं ती म्हणाली. तुम्ही माझ्याकडे वळलात. "अगं, मग हे आपल्यासारखंच की. मधलं नाव बापाचं. केनरिक मॅडॉग, पुढे गाव लावा." त्या दिवसापासून तो आपल्या घरात केनरिकराव झाला. डोरोथीही त्याला केनरिकराव म्हणायला लागली. तिला वाटलं 'राव' ही काही पदवी आहे. तुम्ही म्हणालात, असू दे, सरदारच होता ना.

आई, मी मनातून कुरकुरायचे, ते आता सांगते. दिवसभर ऑफिसात डोकं घालून यायचं आणि स्वयंपाकघरात तुमच्या दोघींमध्ये दुभाषी म्हणून बसायचं. तुम्ही विचारायचं, तिचं गोत्र काय म्हणून विचार. मी ते कसं विचारणार? तीही काही कमी नव्हती. पुढे पुढे तुम्हा दोघींना माझी गरज उरली नाही. तुमचं मॅट्रिकचं इंग्रजी, तिचं बोटाने दाखवणं, यावर तुमचं भागायचं. तेव्हा मला थोडं वाईटही वाटलं!

तुमची एक पद्धत होती. मामंजी कुलवृत्तांताच्या समितीत होते, पण घरोघरची माहिती मागवणारी पत्रं तुम्ही लिहायचात आणि सगळ्या पानांच्या मुद्रणप्रती तुमच्या हातच्या. बाईची दोन नावं कळल्याशिवाय तुम्ही पुढे जायचा नाहीत, माहेरचं आणि सासरचं. तुम्ही स्वतः माहेरच्या कुसुम आणि सासरच्या वसुधा. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं की जुनी मुलगी कागदावरून नाहीशी होते, म्हणून दोन्ही लिहायचं, असं तुम्ही मला समजावलं होतं.

तीच पद्धत तुम्ही वेल्सला लावलीत. केनरिकरावांच्या मुलीचं नाव नेस्ट आणि ती ऱ्हीस नावाच्या माणसाला दिलेली. डोरोथीच्या ऱ्हीसच्या बायकोचं नाव ग्वेन. गाव एक, काळ एक. डोरोथी म्हणायची, नाव जुळत नाही म्हणजे हा ऱ्हीस दुसरा. तुम्ही हसलात. लग्नात नाव बदललं असेल, यात अडायचं काय? नेस्ट माहेरची, ग्वेन सासरची. पेन्सिल घेऊन तुम्ही केनरिकराव आणि ग्वेन या दोन चौकटींमध्ये रेघ ओढलीत. डोरोथीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं तिला कोणी हे सुचवलं नव्हतं. कसं सुचवणार? अमेरिकेत कोणाला माहीत की मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात?

खात्री करायला तिने वेल्समधल्या एका निवृत्त शिक्षकांना पत्र घातलं. ते जुन्या वंशावळी वाचतात. त्यांना बरं नव्हतं, उत्तर लांबलं. तुम्ही दर आठवड्याला विचारायचात, "डोरोथीबाईंचं टपाल आलं का?" हॉस्पिटलमध्येही विचारलंत.

तर, आलं आई. आणि रेघ चुकली.

त्यांनी लिहिलंय की तिकडच्या बायका लग्नानंतर नाव बदलतच नसत. मरेपर्यंत बापाचंच नाव लावायच्या. ऱ्हीस मात्र एकच, तेवढं तुमचं बरोबर. त्याला दोन बायका होत्या. पहिली नेस्ट, केनरिकरावांची लेक. तिला दोन मुलं झाली आणि ती गेली. मग ग्वेन आली, साध्या घरातली. डोरोथीचं घराणं ग्वेनच्या मुलापासून निघालं. म्हणजे केनरिकराव तिचे कोणी नव्हेत.

दोन बायका ही शक्यता जगात कोणाला सगळ्यात आधी सुचायला हवी होती, आई?

तुम्ही सुधीरच्या सख्ख्या आई नाही, हे मला लग्नानंतर वर्षभराने कळलं. पितृपक्षात अविधवा नवमीला तुम्ही पुरण घातलंत, सवाष्ण बोलावलीत, आणि मी विचारलं, हे कोणासाठी? "थोरल्या बाईंसाठी. सुधीर दोन वर्षांचा होता त्या गेल्या तेव्हा." एवढं सांगून तुम्ही पोळी लाटायला लागलात. मी सुधीरकडे बघितलं तर तो पेपर वाचत होता. त्याने कधी सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी सांगण्यासारखं काही नव्हतंच. आणि तुम्ही? इतकं मोठं झाड समोर पसरलेलं, एका ऱ्हीससमोर दोन बायकांची नावं, आणि तुम्हाला दुसरेपणाची बायको आठवू नये? की आठवली होती, आणि तिला तिथे बसवायचं तुम्हाला नको होतं? नेस्टलाच परत ग्वेन करून घरात आणलीत. मी तुम्हाला हे समोर विचारू शकले नसते. आता विचारते, तर उत्तर नाही.

डोरोथीला मी चहा दिला, तुम्ही द्यायचात तसा, आलं घालून. मला वाटलं ती रडेल. ती वॉलपेपर उलगडून बघत बसली. मी खोडरबर आणू का विचारलं. ती नको म्हणाली. मग तिने पत्रातल्या नेस्टच्या दोन मुलांच्या नावांवर बोट ठेवलं आणि विचारलं, यांना जेवायला कोणी घातलं असेल?

मी म्हटलं, ग्वेनने.

"म्हणजे माझ्या ग्वेनने केनरिकरावांची नातवंडं वाढवली," डोरोथी म्हणाली. "माझी आजी खोटं बोलत नव्हती. नातं आहे, फक्त रक्ताचं नाही." तिने तुमची पेन्सिलची रेघ तशीच ठेवली. तिच्यावर तुटक तुटक शाई फिरवली, ग्वेनच्या शेजारी नेस्टची नवी चौकट काढली, आणि मग मला म्हणाली की हे वसूला फार आवडलं असतं.

तुमच्या दुसरेपणाबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं, आई. तुम्ही तिला सांगितलंच नव्हतंत. काल मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं आणि माझा हात धरून बसली. मला असं कोणी हात धरलेलं जमत नाही, पण मी काढून घेतला नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी हे सगळं सुधीरला सांगितलं. तो ऐकत होता. मग उठला आणि लॅपटॉप घेऊन आला. पुण्याच्या अरविंद भावोजींनी, म्हणजे तुमच्या थोरल्या पुतण्याने, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी आपल्या शाखेचं पान तपासायला पाठवलंय. ते दोन आठवडे त्याने उघडलं नव्हतं. काल उघडलं.

मामंजींच्या नावाखाली दोन ओळी आहेत. पहिल्या पत्नीच्या पुढे सुधीर. दुसरी पत्नी वसुधा, माहेरची कुसुम. अपत्य नाही.

त्याने विचारलं, हे कोणी लिहिलं? मी सांगितलं, पहिल्या आवृत्तीपासून असंच आहे, आणि ती मुद्रणप्रत आईंच्याच हातची. कसं लिहिलंत हो? त्या सुंदर वळणदार अक्षरात, सुधीर कदाचित शेजारच्या खोलीत अभ्यास करत असताना? कोणी तुम्हाला थांबवलं नाही? मामंजींनी पान वाचलं असेल ना? मला तुमचा राग आला, आई. मूल जन्म देणारीच्या नावाखाली लिहायचं हा नियम होता, मान्य. पण तुम्ही इतक्या नियमाने का वागलात?

सुधीरने फोन उचलला. दिवाळीलासुद्धा मी नंबर लावून त्याच्या हातात देते तो माणूस! पुण्यात सकाळ होती. स्पीकर चालू होता, म्हणून मी दोन्ही बाजू ऐकल्या. भावोजी समजावत होते की प्रत्येक घरात असं काही ना काही निघतं, एकासाठी बदललं तर सगळ्यांसाठी बदलावं लागेल, समिती ऐकणार नाही. शेवटी म्हणाले, "अरे, हा नियम वसुधाकाकूनेच घालून दिलेला आहे."

"ठीक आहे," सुधीर म्हणाला. "आता काकूच्या मुलाचं ऐक."

मग भावोजी म्हणाले, बघतो.

फोन ठेवून तो तुमच्या खोलीत गेला. दिवा लावला नाही. मी मागे गेले नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी त्याने सगळी कामं केली, लोकांना कळवलं, अमेरिकेतल्या कागदपत्रांच्या मागे धावला, आणि रडला नाही. काल रडला. तुम्हाला कळवायची गोष्ट खरं तर हीच आहे. वेल्सचं टपाल निमित्त.

'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. समितीने ऐकलं तर ऐकलं. पण वचन देते. थोरल्या आईंच्या नावापुढचा सुधीर आहे तिथेच राहील, त्यांचं काही कमी करायचं नाही. नवी आवृत्ती इकडे आली की त्यात काय छापलंय ते मी आधी बघेन. तुमची ओळ तशीच असेल, तर आपल्या घरातल्या प्रतीत शेवटचे दोन शब्द खोडेन आणि तिथे शाईने लिहीन: पुत्र, सुधीर. माझं अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही. सावकाश लिहीन.

तुमची,
स्मिता