नवव्या डावातला चेंडू

मी, लेम्युएल टॅकेट, वय सत्तावन्न, राहणार कॉटन फोर्क, आर्कान्सा, एकोणीस वर्षे बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकून पोट भरलेला माणूस, माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. बॅस यांनी दिला आहे. देण्याआधी ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते, हेही नोंदवतो. काळीज मात्र थकले आहे. नाताळ दिसेल असे वाटत नाही.

कलम १. घर, कोंबड्या आणि बँकेत असेल ते माझी धाकटी बहीण व्हर्लीन हिला. खुराड्याच्या दारावर रंगवलेले वर्तुळ तिने पुसू नये. त्यावर चेंडू मारून मारून माझा हात तयार झाला. "आणि कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं, ते नाही लिहिलंस," असे ती खांद्यावरून वाचून म्हणते आहे. लिहिले.

कलम २. पितळी बकलाचा पट्टा अंपायर गेन्स ओडम यांना. साहेब, अकरा वर्षे भर मैदानात तुम्ही माझी टोपी झाडलीत, मोजे उतरवायला लावलेत, चेंडूला फासायला चरबी लपवली आहे का म्हणून माझे कान हुंगलेत. चरबी कधीच नव्हती. बकलाची डावी कड कानशीने घासलेली आहे. तिच्यावर ओरखडलेला चेंडू दारुड्यासारखा चालायचा. तुम्ही मला लबाड म्हणालात ते खरेच होते, पण पुराव्याशिवाय म्हणालात, याचा राग अजून आहे.

कलम ३. अंत्यविधीला पाद्रीबाबांनी नऊ मिनिटांत आटपावे. त्यांच्याहून लांबण लावणारा गावात मी एकटाच, आणि त्या दिवशी मला बोलता येणार नाही.

कलम ४. कॉफीच्या डब्यातला चेंडू हार्लन ग्रिब याला. हार्लन माझा कॅचर. मी फेकायचे, त्याने झेलायचे, आणि काय फेकायचे ते त्याने बोटांनी खुणावायचे. एक बोट म्हणजे सरळ, दोन बोटे म्हणजे वळणारा.

१९३८ च्या ऑगस्टमध्ये नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत समोरच्या एकालाही माझा चेंडू टोलवता आला नव्हता. आणखी दोघे बाद झाले की आयुष्याचे सोने होते. अशा वेळी पिचरशी कोणी बोलत नाही, बाकावर शेजारीही बसत नाही. बोलले की दृष्ट लागते. हार्लन मात्र चालत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "लेम, अजून एकाचीही बॅट लागलेली नाही. नीट टाक." पुढचाच चेंडू कुंपणापलीकडच्या मक्यात गेला; डब्यात आहे तो तोच.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तेवीस वर्षे. आमची दारे समोरासमोर आहेत.

आता खरे लिहितो. त्याने दोन बोटे दाखवली होती. मी दोनदा मान हलवून नकार दिला आणि सरळ फेकला, कारण मला लोकांना जोर दाखवायचा होता. दृष्टबिष्ट काही नव्हते. मी चुकलो, आणि मला त्याची फार आठवण येते.

ताजा कलम. साक्षीदार म्हणून मी हार्लनलाच बोलावणे धाडले. तो आला. उभ्यानेच सगळे वाचले. कागद तपासायला आलेले वकील म्हणाले, "ग्रिबसाहेब, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर चेंडू गेला."

"तो एकदा गेलेलाच आहे," हार्लन म्हणाला. "द्या पेन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गाढवा, तू सरळ टाकणार हे तुझ्या थोबाडावर दिसत होतं. म्हणून आलो होतो बोलायला."

त्याने खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि गुडघ्याजवळ हात नेऊन दोन बोटे दाखवली. या वेळी मी मान डोलावली.

सबब कलम ४ रद्द. चेंडूचे काय करायचे ते मी आणि हार्लन बोलून ठरवू. तो उद्याही येणार आहे.

सही: लेम्युएल टॅकेट
साक्षीदार: डॉ. टिल्मन बॅस
साक्षीदार: हार्लन ग्रिब, कॅचर
कॉटन फोर्क, १४ ऑक्टोबर १९६१