अयुथ्याला आम्ही दोघं

रविवार, पोर्टलीश

नीता आणि तिचा नवरा मेनूथहून जेवायला आले होते. समीरने त्यांना आमच्या बँकॉक ट्रिपचे फोटो दाखवले. "जवळच अयुथ्या आहे. आम्ही दोघांनी सायकलवरून तिथली सगळी देवळं पालथी घातली!"

दोघांनी? मी त्या दिवशी हॉटेलात तापाने फणफणत होते. "परत कधी येणार आपण इथे?" म्हणत हा एकटाच गेला, तो अंधार पडल्यावर उगवला.

नीताने विचारलं, "तुला कुठलं देऊळ आवडलं गं?"

"सगळीच," मी म्हणाले. का म्हणाले?

ते गेल्यावर भांडी आवरताना विचारलं, "अयुथ्याला मी कुठे होते रे?"

"माझ्या मागे, सायकलवर. का गं?"

दोघांनी! खोटं बोलत असता तर भांडले तरी असते. त्याला खरंच तसं आठवतंय.