निरोगी, नंबर एक

२ नोव्हेंबर
आले एकदाची जुन्नरला! दवाखान्यात नोकरी, दवाखान्यामागंच खोली, आणि घरमालकीण जहाँआराचाची पहिल्याच दिवशी शेवयांची वाटी घेऊन दारात. काम मात्र, बाई गं, थुंकीचं! घशाच्या कॅन्सरचे पेशंट नळीत थुंकणार, मी झाकण लावून, नाव चिकटवून पुण्याच्या लॅबला धाडणार. थुंकीतल्या प्रोटीनवरून म्हणे कळतं, उपचारानंतर कोण तगेल आणि कुणाची गाठ परत येईल. आकडा जितका मोठा, तितकं वाईट. आई संगमनेरहून फोनवर म्हणाली, एवढी शिकलीस ती लोकांची थुंकी भरायला का? तिला काय कळतंय!

३ नोव्हेंबर
तुलनेला एक धडधाकट माणूस लागतो. आमचे डॉक्टर, प्रबुद्ध सर म्हणाले, रत्ना, तूच दे. फॉर्म भरला. दारू? नाही. तंबाखू? शी! नाही. सकाळी मिशरी लावते तेवढीच, पण ती दात घासायला. आमच्याकडं आजीपासून सगळ्या बायका लावतात. नळीवर लिहिलं: निरोगी, नंबर एक. लई ऐट वाटली.

९ नोव्हेंबर
येडगावचे गेणभाऊ आले. ऑपरेशन झालेलं, गळ्याला भोक, ते बोटानं दाबून बोलतात. थुंकीला तार सुटली ती नळीच्या काठावरून थेट माझ्या हातमोज्यावर. आणि तोंडाचा वास! मेला उंदीर परवडला. मी तोंड फिरवलं, ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, पोरी, मला बी आधी वाटायचं, वास शेजारच्याचाच येतोय.

१५ नोव्हेंबर
तो वास खोलीत आलाय. मोरी फिनेलनं दोनदा धुतली. दवाखान्याच्या फ्रीजमधल्या नळ्या एकेक काढून हुंगल्या, ओकारी येईपर्यंत. कुठली गळतेय कळत नाही. तोंडाला बुळबुळीत चव असते. आता दुपारी आणि झोपतानाही मिशरी लावते, तेवढाच वास मरतो.

२१ नोव्हेंबर
चाची माझ्याशी बोलताना नाकाला ओढणी लावते. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेले, तरी लावते. भाकरी गिळताना टोचतं. इथलं पाणीच घाण आहे.

२४ नोव्हेंबर
पुण्याहून आकडे आले. गेणभाऊ, चाळीस. निरोगी नंबर एक, दोनशे बारा. सर म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असणार, पुन्हा पाठव. मी हो हो म्हटलं. पण नावं मी चिकटवते. माझ्या हातून अदलाबदल होत नाही.

२८ नोव्हेंबर
दुसरी नळी. दोनशे नव्वद. सरांनी फॉर्म पुढं ठेवला, तंबाखू नाही म्हणजे नक्की नाही ना? मिशरीचं सांगितलं. ते म्हणाले, अगं, मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. बोलता बोलता त्यांनी तोंड फिरवलं. मी गेणभाऊंपासून फिरवलं होतं, अगदी तसंच —

२९ नोव्हेंबर
आरशासमोर बॅटरी धरली. जिभेच्या मागं पांढरा चट्टा, कडा सडलेल्या, मधे — शी — आणि वास तिथूनच — सगळ्या नळ्या उगाच हुंगल्या —

३० नोव्हेंबर
मिशरीची डबी मोरीत फेकली. परत काढली. पुसली. उद्या पुण्याला तपासणी, उद्यापासून बंद, आईची शपथ — पण हा वास, माझाच, सहन होत नाही — वास मरण्यापुरती — एकदाच — बोटाला घेतलीय, फक्त दातांना —