मधली डबी

६ जानेवारी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला रोज तेल लावतेस, की नुसती मला कळवतेस, ते खरं खरं लिही.

इकडे पंधरा दिवसांपूर्वी घरात तीन पाहुणे आले. खात नाहीत, बोलत नाहीत, वीज मात्र चोवीस तास पितात. वायफायच्या पांढऱ्या डब्या. एक नाही, तीन. तीन तिघाडा काम बिघाडा, हे सांगायला मॅट्रिकसुद्धा व्हावं लागत नाही.

कारण सूनबाईची नवी नोकरी. मागच्या खोलीत दार लावून बसायचं, कानाला तो पट्टा लावायचा, आणि कुठल्याशा लांबच्या दवाखान्यातल्या रोग्याचं बोलणं डॉक्टरला आणि डॉक्टरचं रोग्याला त्याच्या भाषेत सांगायचं. दोघांच्या मधे बोलायचा पगार मिळतो! मी या घरात सासू आणि नवऱ्याच्या मधे तीस वर्षं फुकट बोलले. मार्चअखेरपर्यंत तिची परीक्षा आहे. तोवर लाइन सारखी तुटत राहिली तर घरून काम बंद. मग तिला त्यांच्या ऑफिसच्या गावी जाऊन राहावं लागेल, आणि चिरंजीव आणि आमची नात भिंगरीही तिच्या मागोमाग. जाईनात का. मला काय, रोज तीन ताटं कमी मांडायची. सकाळी त्या पोरीच्या मागे कंगवा घेऊन धावायचं तरी वाचेल.

आपलं घर तुला माहीतच आहे, लांबुडकं. पुढे बैठक, मधे देवाची खोली, मागे ती. जुन्या यंत्राचा जोर मागपर्यंत पोचेना. चिरंजीवांच्या मनात आठ शिंगांचा एक रेडा होता, त्याला दुकानदार राउटर म्हणत होता. सूनबाईने चार दिवस कुठेकुठे वाचून ठरवलं की तीन छोट्या डब्याच हव्यात, त्याला मेश म्हणतात, म्हणजे जाळं. मी दुकानदाराला विचारलं की दोनात भागणार नाही का. तो लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला की काकू, हे सगळं ऑटोमॅटिक असतं. मी त्याला सांगितलं की यंत्र कसं चालतं हे ज्याला ठाऊक नसतं तोच ऑटोमॅटिक म्हणतो. त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पहिली डबी बैठकीत, जिथे बाहेरची तार येते तिथे. शेवटची सूनबाईच्या टेबलावर. आणि मधली नेमकी माझ्या देवासमोर, कारण सॉकेट तिथेच. तिला मांजरासारखा एक निळा डोळा आहे, तो माझ्याकडे बघत असतो. त्याचं काय करायचं ते माझं मी बघते.

एवढं करूनही डब्या मधेच मान टाकतातच. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

औषध वेळेवर घे.
तुझी ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तेल लावते. तूच येऊन लावलंस तर जास्त गुण येईल, पण तुला त्या डब्यांची राखण करायची आहे.

तुझं पत्र वाचून मला आमच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या तक्रारी आठवल्या. बत्तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. म्हणून तर आता कानाला फोन लावायचा म्हटलं की अंगावर काटा येतो आणि तुझ्याशी कागदावर भांडावं लागतं. आमच्याकडे जो माणूस नुसता ओरडायचा की लाइन सारखी मरते, त्याची चिठ्ठी टोपलीत जायची. जो लिहून आणायचा की मंगळवारी दहा वाजून पाच मिनिटांनी, बुधवारी दहा वाजून सात मिनिटांनी, त्याच्याकडे त्याच दिवशी माणूस जायचा.

तू साबणाची वडी कधी काढली आणि कधी संपली तेसुद्धा वहीत लिहितेस. मग हे लिही. यंत्राला शिव्या देणं हे काही मॅट्रिक पास बाईला शोभत नाही, नापासालाही तेवढं येतं.

भिंगरीला पापा. तुझ्या रागासह लोभ आहेच, तो वाढवू नये.
तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. शहाणपण पोचलं. घे, ही नोंद.

१७ जानेवारीपासून कालपर्यंत, सूनबाईच्या खोलीचं दार वाजून ती बाहेर आली की डबीने मान टाकली असं धरून, एकूण सदतीस वेळा. सकाळी अकराच्या सुमारास वीस वेळा. दुपारी चारच्या सुमारास सतरा. रविवारी एकदाही नाही. रविवारी सूनबाईला सुट्टी असते. म्हणजे ती कामाला बसली की बिघडतं. मी काही म्हणत नाही, आकडे म्हणतात. अकराला ती चहाचा कप घेऊन येते, जसं काही झालंच नाही. चारला मात्र हातात फोन घेऊन धावत पायऱ्यांवर जाते आणि भिंतीकडे तोंड करून बोलते.

गेल्या आठवड्यात तिच्या ऑफिसातून ताकीद आली. चिरंजीव जेवताना म्हणाले की मी सांगत होतो एकच मोठं यंत्र घेऊ, निवड तुझी होती. ती वाढत राहिली. मीही म्हटलं की निवड चुकली की माणूस यंत्राला नावं ठेवतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ते अजून कळलेलं नाही. पण तिची मान काही खाली गेली नाही. शिंग नसलेल्या डब्या आणल्या, पण शिंगं घरात आहेतच.

आता एक गोष्ट लिहिते, ती तुझ्याजवळच ठेव. मी २० जानेवारीपासून चाळीस दिवसांचा जप धरला आहे. रोज दुपारी चार ते पाच. सकाळची अकरा ते पावणेबाराची पूजा आहे ती आहेच. देवाला एवढंच सांगितलं आहे की हिची परीक्षा पार पडू दे, घर जागच्या जागी राहू दे. तू हसू नकोस. भिंगरी परवा म्हणाली की आजी, तिकडे गेल्यावर माझी वेणी कोण घालणार. मी म्हटलं, तुझी आई. ती म्हणाली, आईला कुठे येते. मी स्वयंपाकघरात गेले.

जपाला मन लागायला हवं, म्हणून बसण्याआधी त्या निळ्या डोळ्याचं बटण बंद करते आणि उठताना चालू करते. सकाळीही तसंच. देवापुढे एक तेलाचा दिवा पुरे. माझ्या खोलीतलं बटण, कोणाला विचारायचं काय? चिरंजीवच म्हणाले होते की तीन असल्या की एक बंद पडली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. मग घेऊ देत की सांभाळून! त्यासाठीच तीन विकत घेतल्या ना?

माळ हातात आणि वही मांडीवर अशी माझी तारांबळ तुझ्यामुळे झाली. देव तुलाच विचारील.
तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. मावशींस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ लिहिते. हो, मला माहीत होतं. डब्या लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. या डब्यांचं एक ॲप असतं. कुठलीही डबी बंद झाली की माझ्या फोनवर तिच्या खोलीच्या नावासकट निरोप येतो. रोज अकरा वाजता येतो की देवाची खोली बंद.

मग मी कामातली मधली सुट्टी अकरा ते पावणेबारा करून घेतली. वाटलं, वाद कशाला. पण चारचं काही केल्या जमेना. त्या वेळी आमच्याकडे सगळ्यात जास्त रोगी असतात. फोनच्या नेटवर पायऱ्यांवरून बोलायची, ते अर्धं ऐकू यायचं.

सांगणार होते. अगदी ताट वाढता वाढता सांगणार होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या की निवड चुकली की माणूस यंत्राला नावं ठेवतो. मग ठरवलं, नाहीच सांगायचं. वाण्याच्या बिलातली एका काडेपेटीची चूक पकडणाऱ्या बाईला स्वतःची चूक किती दिवसांत सापडते ते बघूच. वाईट होतं, मावशी. पण तेव्हा फार गोड वाटलं.

गेल्या सोमवारी एक म्हातारी होती. एकटीच आली होती. डॉक्टर तिला सांगत होते की जुनी गोळी बंद करायची आणि नवी अर्धीच घ्यायची. मी जुनी गोळी म्हटलं आणि लाइन गेली. दुसरी दुभाषी जोडून द्यायला त्यांना नऊ मिनिटं लागली. तिला कळलं असेल, असं सगळे म्हणतात. तेव्हा मला उमगलं की आम्ही दोघी एकमेकींना धडा शिकवत होतो आणि फी तिसरीच भरत होती. ऑफिसने कळवलं आहे की आणखी एकदा असं झालं तर घरून काम बंद. तोवर मी रोज चार ते पाचची रजा टाकते आहे.

चारला त्या काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. वाटायचं, मला खिजवायला करतात. तुम्ही लिहिलंत की तो जप माझ्यासाठी आहे. ती ओळ मी पुन्हा वाचली.

मी सांगितलं तर ते उलट बोलल्यासारखं होईल. तुम्हीच लिहा. आणि तुम्ही लिहाल तेव्हा माझाही दोष लिहा.
तुमची सून

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मायना लिहिला, आता नमस्कार संपला.

विहिरीपासून घरापर्यंत तीन माणसं ओळीने उभी आहेत आणि हातोहात बादली पुढे देताहेत असं समज. बैठकीतली डबी भरते, मधली पुढे देते, मागची सूनबाईच्या टेबलावर ओतते. मधला माणूस पाऊण तास डोळे मिटून बसला, तर शेवटच्याच्या हातात काय येणार? तुझं घर आखूड असतं तर पहिल्याचा हात तिसऱ्यापर्यंत पोचला असता. तुझं घर लांब आहे. तुझी जीभही.

अकरा आणि चार. पूजा आणि जप. ताई, वही तुझी, अक्षर तुझं, आणि तुला दिसलं काय, तर रविवारी सूनबाईला सुट्टी असते! रविवारीही तू बटण बंद करतच होतीस, फक्त मागच्या खोलीत बोंब मारायला कोणी नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तुझ्याकडे तो दिवा तेलाचा आहे एवढंच. देवाला सांगायचं की घर जागच्या जागी राहू दे, आणि ते सांगण्याआधी उठून घराचाच दोर कापायचा!

सूनबाईला हे पहिल्यापासून माहीत होतं. तुझ्या त्या यंत्राला नावं ठेवण्याच्या टोमण्यामुळे तिने तोंड मिटलं. त्यात तिचीही चूक, तसं तिनेच मला लिहायला सांगितलं. तिचं पत्र सोबत जोडते. त्यातली म्हातारी नीट वाच. ती तुझ्याच वयाची असावी.
तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. महिनाभर लिहिलं नाही, कारण पहिले दोन दिवस तुझा राग आला होता आणि पुढचे दिवस कोणाचा आला होता ते तुला कळलंच असेल.

तुझ्यावर विश्वास ठेवायची मला सवय नाही, म्हणून आधी पडताळून पाहिलं. बटण चालू ठेवलं, निळ्या डोळ्यावर हातरुमाल टाकला आणि जपाला बसले. पाच दिवस. पाचही दिवस मागचं दार वाजलं नाही. वहीत पाच रिकाम्या ओळी. रिकाम्या ओळी वाचायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

सहाव्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. चिरंजीव आधी हसले, मग डब्या एकमेकींशी कशा बोलतात यावर व्याख्यान सुरू केलं. मी म्हटलं की एक बंद पडली तरी बाकीच्या सांभाळून घेतात हे कोणी सांगितलं होतं? मग ते जेवू लागले. सूनबाईला मी म्हटलं की तुला माहीत होतं आणि तू गप्प राहिलीस, हे मी विसरणार नाही. ती म्हणाली की विसरू नका, मीही विसरणार नाही. मग तिने माझ्या ताटात न विचारता वाढलं, आणि मी नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. सगळ्या नोंदी एका कोऱ्या कागदावर उतरवल्या. तारीख, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कारण. प्रत्येक ओळीत कारण एकच लिहिलं: मी. खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण मारून काम भागवलं नाही, दरवेळी पूर्ण लिहिलं. खाली लिहिलं की मी हिची सासू, बटण मी बंद केलं, डबी आणि मुलगी दोन्ही निर्दोष आहेत. सही केली. सूनबाईने त्याचं तिच्या साहेबीणबाईंच्या भाषेत केलं. एक शब्दही गाळू नकोस म्हटलं, कारण दुभाष्याने गाळायचं नसतं हे आता मलाही कळतं. ती म्हणाली की स्वतःचा दोष तिनेही खाली जोडला आहे.

काल उत्तर आलं. त्या बाईंनी लिहिलं आहे की तुटलेल्या लाइनची एवढी स्वच्छ नोंद त्यांच्या यंत्रांनीही कधी दिली नव्हती. सूनबाई घरूनच काम करणार. भिंगरीची वेणी आज मी इतकी घट्ट घातली की ती ओरडली.

त्या म्हाताऱ्या बाईचं पुढे काय झालं ते विचारलं. रोग्यांची माहिती मिळत नाही, असं सूनबाई म्हणाली. नाव नाही, गाव नाही. अर्धी गोळी तिला कळली की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

म्हणून चाळीस दिवस संपले तरी मी चारला बसते. घराचं मागणं झालं, आता तिचं. हातरुमालही काढून टाकला. डबी कुरूप आहे आणि राहील, तो दुकानदारही महामूर्ख आहे आणि राहील, पण देवापुढे आता दोन दिवे असतात. बटणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: कोणीही हात लावू नये. खाली माझी सही. चिरंजीवांनी विचारलं की या बटणाला तुझ्याशिवाय हात लावतं कोण. मी म्हटलं, माझ्यासाठीच लिहिलं आहे.

तुझा लोभ टोचतो, पण असाच टोचत राहू दे. गुडघ्याला तेल लावायला पुढच्या आठवड्यात मी येते आहे. जपाची माळ बरोबर आणीन. चार वाजता तुझ्याकडे निदान कुठलं बटण नाही.
तुझी ताई